गैरहजेरीचा दाखला

मुलगा परदेशातून कायमचा परत आला तो स्वतःच्या गाडीतून, पण घरी पोचला तो बसने. गाडी कस्टमच्या आवारात अडकली होती. करड्या रंगाची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, डाव्या दाराला पोचा आलेली साधी गाडी. तिच्यात लिफ्ट दुरुस्तीच्या हत्यारांच्या दोन पेट्या होत्या, एक गुंडाळलेली गादी होती आणि एक इस्त्री होती. सात वर्षं परदेशात लिफ्टा दुरुस्त करून त्यानं जे कमावलं, ते बहुतेक एवढंच होतं. आता ह्याच गाडीत हत्यारं टाकून इथे स्वतःचं काम सुरू करायचं, असा त्याचा बेत होता.

नियम सोपा होता. परदेशात दोन वर्षांपेक्षा जास्त राहून कायमचं परत येणाऱ्या माणसाला आपली वापरातली एक गाडी करमाफीत आणता येते. गाडी निदान सहा महिने त्याच्या नावावर आणि त्याच्या बुडाखाली असली पाहिजे. आणि माणूस खरोखरच तिकडे राहत असला पाहिजे, म्हणजे वर्षात तीस दिवसांहून जास्त मायदेशी आलेला नसावा. त्याहून जास्त आला असेल तर तो इथलाच, अधूनमधून तिकडे जाणारा, असं सरकार धरतं आणि गाडीच्या किमतीहून जास्त कर लावतं. ह्या नियमात वाईट काही नव्हतं. गाड्या आणायला लोक काय काय उचापती करतात ते पाहून कुणीतरी शहाण्या माणसानं तो केला असणार. हजेरीबाईंसारखी आई त्याच्या डोक्यात नव्हती, एवढंच.

सीमेवर आपल्या लोकांच्या पासपोर्टवर शिक्के मारणं सरकारनं कधीच बंद केलं होतं, वेळ वाचावा म्हणून. त्यामुळे कोण किती दिवस येऊन गेला हे ठरवायला त्याच्या घरी माणूस पाठवायचा आणि शेजारीपाजारी चौकशी करायची, असा पोटनियम होता. वाचलेला वेळ असा सत्कारणी लागत होता.

मुलाला ह्या सगळ्याची काडीची काळजी नव्हती. सात वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. गैरहजेरीच्या बाबतीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण जिना चढताना पहिल्या मजल्यावर सिस्टर भेटल्या. सिस्टर म्हणजे वर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्स. त्यांनी त्याचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी लवकर आलास रे!" सिस्टरना आता वयापरत्वे घोळ व्हायला लागला असावा, असं वाटून त्यानं मान डोलावली. मागोमाग वर आलेले तळमजल्यावरचे टेलरमास्तर म्हणाले, "वर्षभरात वजन बरंच वाढवलंस की." त्यालाही त्यानं मान डोलावली. बसथांब्यावर घ्यायला गेलेली आई मागे उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत होती. किल्ली तिच्या हातातच होती.

आता हजेरीबाईंबद्दल सांगायला हवं. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी मुलांची आणि मास्तरांची हजेरी सांभाळली. त्या काळात त्यांनी कुणाच्या नावापुढे खोटी खूण केली नाही, अगदी मुख्याध्यापकांची अर्ध्या दिवसाची रजासुद्धा सोडली नाही. इमारतीत त्यांना सगळे हजेरीबाईच म्हणत आणि त्यांना ते आवडे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि मुलगा एकुलता एक.

तो गेला तेव्हा वर्षभरासाठी गेला होता. वर्ष संपता संपता सिस्टरचा मुलगा, तोही परदेशातच होता, वीस दिवस येऊन गेला. सिस्टरनी विचारलं, "तुमचा कधी येतोय?" हजेरीबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात मुलाचा फोन आला की रजा मिळत नाही. सिस्टर तेव्हा मुलीकडे गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी जिन्यातच विचारलं, "आला होता का?"

"आला होता की," हजेरीबाईंच्या तोंडून निघून गेलं. "चांगला पस्तीस दिवस राहिला."

खोटंच बोलायचं तर वीसवर कशाला थांबा!

एकदा तोंडातून गेलं ते त्याच वर्षापासून दरवर्षी निभावावं लागलं. सिस्टर दर साल महिनाभर मुलीकडे जात. त्या निघायच्या दोन दिवस आधी मुलगा यायचा आणि त्या परतल्यावर दोन दिवसांनी जायचा. तिकडे त्याची रात्रपाळी, म्हणून इथे आला की दिवसभर झोपायचा, आणि संध्याकाळी मागच्या जिन्याने मित्रांकडे निघून जायचा. दाराबाहेर पुरुषी चपलांचा जोड असायचा. दरवर्षी एक नवा शर्ट दोरीवर वाळायचा. दरवर्षी एक पँट टेलरमास्तरांकडे आखूड करायला जायची, मापाला त्याची जुनी पँट देऊन. हजेरीबाई खोटं बोलल्या तेही नेटकेपणानं बोलल्या. ढिसाळ काम त्यांना जमतच नसे.

आणि विसरायला नको म्हणून त्यांनी एक वही घातली. आगमन, प्रयाण, एकूण दिवस आणि शेरा, असे चार रकाने. बोलण्यात एका वर्षाचं दुसऱ्या वर्षाशी जुळलं नाही तर फजिती होईल, म्हणून. शेऱ्याच्या रकान्यात "सर्दी झाली", "खिडकीची कडी बसवून दिली" असं लिहिलेलं असे. एका वर्षी "आईचा पाय मुरगळल्याने मुक्काम आठ दिवस वाढवला" असंही होतं. हे लिहिताना त्यांना बरं वाटायचं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण वाटायचं.

कस्टमचा निरीक्षक आला तो मंगळवारी, सकाळी अकराला. तरुण, अदबशीर, सर्दीनं बेजार झालेला. मुलगा बाहेर गेला होता आणि हजेरीबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यामुळे निरीक्षक आधी शेजाऱ्यांकडे गेला. सरकारी माणूस मुलाची चौकशी करतोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी ओळखलं, की हा त्याच्या चालचलणुकीचा दाखला असणार. मग त्यांनी हात आखडता घेतला नाही.

"दरवर्षी यायचा," सिस्टर म्हणाल्या. "महिना म्हणू नका, दीड महिना म्हणू नका. असा मुलगा दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

"दोन महिनेसुद्धा राहिलाय एखाद्या वर्षी," टेलरमास्तर म्हणाले. "माझ्याकडे मापं आहेत त्याची."

दोघांनीही सह्या केल्या. वर सिस्टरनी सुचवलं, "हजेरीबाईंना विचारा. त्यांच्याकडे सगळं तारीखवार लिहिलेलं असतं."

हजेरीबाई परतल्या तेव्हा निरीक्षक दारातच उभा होता. त्यानं ओळखपत्र दाखवलं, शिंकला, माफी मागितली आणि म्हणाला, "तुमच्याकडे मुलाच्या येण्याजाण्याची नोंदवही आहे असं कळलं. बघायला मिळेल का?"

इथे काय झालं ते हजेरीबाईंना नंतर कितीतरी वेळा आठवून पाहावं लागलं. आपण "कसली वही?" असं म्हणू शकलो असतो, हे त्यांना कळत होतं. पण एकतीस वर्षं शाळेत निरीक्षक आला की तो पहिल्यांदा नोंदवही मागायचा, आणि नोंदवही मागितली की ती द्यायची असते. डोक्यात विचार यायच्या आधी हात कपाटात गेला होता. त्यांनी वहीवरची धूळ झटकली आणि दोन्ही हातांनी ती त्याच्यापुढे धरली.

त्यानं पानं उलटली. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं," तो म्हणाला.

"खाडाखोड नाही कुठे," हजेरीबाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, आणि तो लपवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"ही घेऊन जाऊ का?"

"पानांवर सह्या करून देते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल पान बदललं." आणि त्यांनी खरोखरच पान न् पान मोजून सही करून दिली.

चार दिवसांनी पत्र आलं. मुलानं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं, आणि शेवटी मोठ्यानं वाचलं. "'अर्जदार दरवर्षी सरासरी अडतीस दिवस मायदेशी वास्तव्यास होता, असे दोन शेजाऱ्यांच्या साक्षीवरून व अर्जदाराच्या मातेने त्या त्या वेळी केलेल्या लेखी नोंदींवरून सिद्ध होते. करमाफीचा अर्ज नामंजूर.' आई, हे काय आहे?"

"चहा ठेवू?"

"आई."

हजेरीबाईंनी चहा ठेवला. पाठ त्याच्याकडेच होती, तसं बोलायला सोपं पडत होतं. सिस्टरच्या मुलापासून वहीपर्यंत सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही. मग मागच्या खोलीतलं कपाट उघडून दाखवलं. सात शर्ट होते, न घालता धुवून धुवून रंग उडालेले. त्यानं एक हातात घेतला, परत ठेवला आणि कपाटाचं दार लावून टाकलं.

"मी आलोच नाही गं कधी," तो म्हणाला.

"मला माहितीये," हजेरीबाई म्हणाल्या. "मी होते ना इथे."

चहा उतू गेला तो त्यांनी पुसला.

मुलगा मनाचा वाईट नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "तू कुणापुढे काही कबूल करायचं नाहीस. तुझं नाक कापून मला गाडी नको. पत्रात लिहिलंय, तीस दिवसांत गाडी परत देशाबाहेर नेली तर कर लागत नाही. मी घेऊन जातो, तिकडेच विकतो आणि येतो. दोन महिन्यांत परत."

"दोन महिने," हजेरीबाई म्हणाल्या.

"फार तर तीन."

हजेरीबाईंनी मान हलवली. हजेरी सांभाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गेलेला माणूस जेव्हा रजा वाढवतो, तेव्हा पहिली वाढ नेहमी थोडीच असते. हा मागे वर्षभरासाठी म्हणून गेला होता.

तो अंघोळीला गेल्यावर त्यांनी पत्रासोबत आलेली नियमांची पुस्तिका काढली आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. नवा चष्मा अजून मिळायचा होता, म्हणून भिंग धरलं. सातव्या पानावर होतं की नामंजुरीवर पंधरा दिवसांत फेरसुनावणी मागता येते, आणि साक्षीदार समक्ष, एकमेकांच्या उपस्थितीत, आपला जबाब दुरुस्त करू शकतात. म्हणजे जे सांगायचं ते सिस्टर आणि टेलरमास्तर समोर बसलेले असताना सांगायचं. हजेरीबाईंना पुस्तिका मिटून टाकावी असं वाटलं. पण पुस्तिका अर्धवट वाचून मिटायची त्यांना सवय नव्हती.

अकराव्या पानावर शेवटचं कलम होतं. करमाफी मिळालेल्या माणसानं पुढचे बारा महिने मायदेशीच राहिलं पाहिजे. ह्या काळात गाडी विकता येणार नाही, कुणाला चालवायला देता येणार नाही, आणि राहायला परदेशी जाता येणार नाही. गेल्यास संपूर्ण कर वसूल केला जाईल. तसं हमीपत्र लिहून द्यावं लागेल.

हे कलम हजेरीबाईंनी दोनदा वाचलं आणि त्याच्याखाली पट्टी धरून लाल रेघ मारली. एका बाजूला इमारतीतला त्यांचा सात वर्षांचा मान होता. दुसऱ्या बाजूला बारा महिन्यांसाठी मुलगा होता, तोही सरकारी हमीवर. त्याच दिवशी त्यांनी फेरसुनावणीचा अर्ज लिहिला.

मुलानं पुष्कळ विरोध केला, पण अर्ज गेलेला होता. शेजाऱ्यांना मात्र त्यांना काही सांगवेना. दोनदा सिस्टरच्या दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी अकराला कस्टमच्या ऑफिसात यावं लागेल, गाडीसाठी." सिस्टरनी चांगले कपडे घातले. टेलरमास्तरांनी मापांची वही बरोबर घेतली आणि टेप नेहमीप्रमाणे गळ्यात होतीच.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि "यंत्र बंद आहे" असं लिहिलेला कागद चिकटवलेला प्रिंटर. टेबलामागे तोच निरीक्षक बसला होता. माणसं कमी असल्यामुळे चौकशी करणं आणि चौकशीविरुद्धची तक्रार ऐकणं, दोन्ही कामं त्याच्याकडेच होती. सर्दी अजून गेली नव्हती.

"बोला," तो म्हणाला.

हजेरीबाई उभ्या राहिल्या. बसून सांगितलं तरी चालेल असं तो म्हणाला, पण त्या उभ्याच राहिल्या. "ती वही खोटी आहे," त्या म्हणाल्या.

"खोटी म्हणजे, काही नोंदी चुकल्यात का?"

"चुकलेलं एक अक्षर नाही त्यात. खोटी आहे. मुलगा सात वर्षांत एकदाही आला नाही."

टेलरमास्तर ताडकन उठले. "असं कसं म्हणता? मी सरकारला सही करून दिलीय! दरवर्षी पँट आखूड केलीय मी त्याची. हे बघा, कमर बत्तीस, कमर बत्तीस, कमर बत्तीस. सात वर्षं लिहिलंय."

"माप घेताना माणूस समोर होता का?" निरीक्षकानं विचारलं.

"माणूस कशाला हवा? ह्या जुनी पँट द्यायच्या मापाला."

निरीक्षकानं मुलाकडे पाहिलं. "जरा उभे राहता का?"

मुलगा उभा राहिला. टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेभोवती धरली, श्वास सोडायला सांगितलं आणि आकडा बघून परत धरली. अडतीस. ते खुर्चीत बसले आणि आपल्या वहीकडे बघत राहिले.

"पण मी आवाज ऐकलेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांची अजून खात्री होती. "खालून बोलणं ऐकू यायचं. ह्या त्याला उठवायच्या, जेवायला बोलवायच्या."

"आवाज कुणाचा?"

"ह्यांचा."

"आणि त्याचा?"

"तो पहिल्यापासून कमी बोलतो," सिस्टर म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांनी हळूहळू हजेरीबाईंकडे मान वळवली. "तुमचा पाय मुरगळला होता त्या वर्षी. मी मुलीकडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी मदतीला खाली येत होते, तर तुम्ही दारातून म्हणालात, तो आहे घरात, येऊ नका. म्हणून मी नाही आले."

"हो," हजेरीबाई म्हणाल्या.

"आठ-दहा दिवस मी आले नाही."

"हो."

"मग स्वयंपाकपाणी, बाकीचं सगळं कुणी केलं?"

"झालं ते," हजेरीबाई म्हणाल्या.

सिस्टरनी चाळीस वर्षं रुग्णालयात काढली होती आणि माणसं मरताना पाहिली होती. त्यांनी रुमाल काढला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता, आणि खिडकीबाहेर फक्त भिंत होती. निरीक्षक खाली मान घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं, "'पाय मुरगळला त्या काळातही अर्जदार अनुपस्थित होता.' बरोबर?"

"बरोबर," हजेरीबाई म्हणाल्या.

"ठीक. आता एकच मुद्दा राहिला." त्यानं फायलीतून एक कागद काढला. "हे अर्जदाराच्या तिकडच्या कंपनीचं पत्र. कंपनी म्हणते की ह्यांनी दरवर्षी सहा आठवडे भरपगारी रजा घेतली. सातही वर्षं. इथे आला नाहीत, तर त्या रजेत तुम्ही कुठे होतात?"

हजेरीबाईंनी मुलाकडे पाहिलं. दरवर्षी फोनवर तो म्हणायचा, रजाच देत नाहीत गं. त्यावर त्या म्हणायच्या, कामाच्या ठिकाणी भांडू नकोस.

"तिकडेच होतो," मुलगा म्हणाला.

"तिकडे कुठे?"

"खोलीवर."

"प्रवासाला वगैरे?"

"नाही. खोलीवरच. घरमालकीण सांगेल, तिचा पत्ता देतो."

"सहा आठवडे खोलीवर काय करत होतात?" निरीक्षकाच्या आवाजात संशय नव्हता. रकाना भरायचा होता, म्हणून तो विचारत होता.

मुलानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. हत्यारांनी घट्टे पडलेले ते हात त्यानं आधी उलटे पाहिले, मग सुलटे. "पहिल्या वर्षी जायचंच होतं. वर्षात काहीच जमवलं नव्हतं, म्हणून लाज वाटली. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी न गेल्याची लाज वाटली. मग तसंच होत गेलं. बॅग भरायचो. उद्या निघू म्हणायचो. रजा संपली की बॅग रिकामी करायचो."

"म्हणजे सहाही आठवडे परदेशीच."

"हो."

"घरमालकिणीचं पत्र मागवून मागाहून फायलीला लावा, सह्या झाल्या की गाडी आजच सुटेल." निरीक्षकानं लिहिलं आणि पहिल्यांदाच थोडं हसला. "छान. हे तुमच्या फायद्याचं आहे. अनुपस्थिती पूर्ण सिद्ध होते. अशी स्वच्छ केस आमच्याकडे क्वचित येते."

हजेरीबाईंना राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. सात वर्षं ह्या पोराला रजा नाही म्हणून त्यांनी त्या न पाहिलेल्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या. कंपनी बिचारी दरवर्षी त्याला घरी पाठवत होती. आत्ता उठावं, जबाब फाडावा आणि म्हणावं, वही खरी आहे, हा दरवर्षी येत होता, ने म्हणावं तुझी गाडी जिथून आणलीस तिथे, असं त्यांना वाटलं. दुरुस्त जबाब सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवलेला होता. पेन हातात होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी त्याची हमीपत्रावर सही होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग मी करते."

"क्रम कसाही चालतो," निरीक्षक म्हणाला.

"मला नाही चालत."

मुलानं हमीपत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "वर्षभर बाहेर जाता येणार नाही?"

"राहायला नाही. गेलात तर पूर्ण कर. आणि गाडी दुसऱ्या कुणी चालवायची नाही."

"अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा?" टेलरमास्तरांनी विचारलं. त्यांनी मनात काही ठरवलेलं असावं.

"कोपऱ्यापर्यंतसुद्धा."

मुलगा कागदाकडे बघत राहिला. किती वेळ, ते हजेरीबाईंना सांगता आलं नसतं, आणि त्या तर वेळेच्या पक्क्या. सगळा खेळ ह्या एका सहीवर होता आणि त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. मग मुलानं सही केली, पूर्ण नावाची, लहानपणी त्यांनीच शिकवली होती तशी.

त्यानंतर हजेरीबाईंनी जबाब पुढे ओढला. त्यात सात वर्षांचे सात रकाने होते आणि प्रत्येकापुढे वास्तव्याचे दिवस लिहायचे होते. निरीक्षक म्हणाला, पहिल्या रकान्यात लिहून खाली "वरीलप्रमाणे" म्हटलं तरी चालेल. त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक वर्षापुढे त्यांनी "शून्य" असं अक्षरी लिहिलं, सात वेळा, आणि खाली सही केली. सिस्टरनी आणि टेलरमास्तरांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

बाहेर आल्यावर सिस्टर हजेरीबाईंजवळ आल्या. रागानंच म्हणाल्या, "उद्यापासून मी सकाळी खाली येणार चहाला. तुमच्या घरात कुणी असो नसो." आणि टेलरमास्तरांचा दंड धरून त्या बसथांब्याकडे निघून गेल्या.

गाडी आवाराच्या टोकाला उभी होती, धुळीनं माखलेली. चालू व्हायला तिनं थोडे आढेवेढे घेतले. हजेरीबाई पुढे बसल्या, पट्टा कसा लावायचा ते त्यांना कळेना, तो मुलानं लावून दिला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "आई, रजा होती मला."

"ऐकलं मी."

"सातही वर्षं होती."

"तेही ऐकलं."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मागच्यानं हॉर्न वाजवला. "मग तू काही विचारत का नाहीस? काही बोल तरी. ओरड."

हजेरीबाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. आत हमीपत्राची प्रत होती, शिक्का मारलेली.

"विचारणार आहे," त्या म्हणाल्या. "ओरडणारही आहे. रडायचंही आहे थोडं. पण बारा महिने आहेत ना आता? सगळं आजच कशाला?"